स्कुबा डायव्हिंग प्रशिक्षक व्हायचे आहे? कर्ज काढण्याआधी हे समजून घ्या

करिअर मार्गदर्शनाच्या निमित्ताने वस्त्यांमध्ये युवकांशी बोलताना स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती आणि नर्सिंग हे विषय नेहमीचे असतात. अलीकडे त्यात एक नवा शब्द कानावर येऊ लागला आहे. तो म्हणजे स्कुबा. मोबाईलवर निळ्या पाण्यातले व्हिडिओ दिसतात, सोबत 'थोड्याच महिन्यांत प्रशिक्षक व्हा, परदेशात नोकरी मिळवा' अशी जाहिरात असते. घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत शिकलेले असते. सल्ला देणारे कोणी नसते आणि फी भरण्यासाठी आईचे दागिने किंवा बचत गटाचे कर्ज हाच पर्याय असतो. अशा वेळी हे क्षेत्र नेमके काय आहे, प्रशिक्षक कसा होतो, पैसा कुठे जातो आणि धोका कुठे आहे, हे आधी नीट समजून घेणे गरजेचे आहे.

या क्षेत्राला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. आपल्या मुलामुलींनी नवीन वाटांवर जरूर जावे, पण डोळे उघडे ठेवून जावे.

स्कुबा म्हणजे काय?

पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली श्वास घेत पोहणे म्हणजे स्कुबा डायव्हिंग. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये 'अॅक्वा-लंग' हे उपकरण तयार केले, तेव्हापासून हा प्रकार सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. बहुतेक लोक 'ऑक्सिजनचे सिलिंडर' म्हणतात, ते चूक आहे. सिलिंडरमध्ये साधी, गाळलेली हवा दाबून भरलेली असते. त्यात ऑक्सिजन सुमारे २१ टक्केच असतो. तोंडात धरायचे रेग्युलेटर ही हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने श्वासासाठी देते. अंगावरच्या जॅकेटला बीसीडी म्हणतात. त्यात हवा भरून किंवा सोडून पाण्यात वर-खाली जाता येते.

या विषयातले सगळे विज्ञान एका साध्या गोष्टीवर उभे आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १, १० मीटरवर २, २० मीटरवर ३, तर ३० मीटरवर ४. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. म्हणजे १० मीटर खोलीवर कोणी छातीत ६ लिटर हवा भरली आणि श्वास रोखून वर आला, तर ती हवा पृष्ठभागावर १२ लिटर व्हायला बघते. फुप्फुस तेवढे ताणत नाही, ते फाटू शकते. म्हणून डायव्हिंगचा पहिला नियम आहे, श्वास कधीही रोखायचा नाही.

दुसरा परिणाम हवेच्या वापरावर होतो. नेहमीच्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये सुमारे २,२०० लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला २० मीटर खोलीवर मिनिटाला ६० लिटर लागते. हिशेब केला तर सगळी हवा ३६ मिनिटांत संपते. राखीव साठा ठेवायचा तर वेळ त्याहून कमी. घाबरलेला माणूस आणखी भराभर श्वास घेतो आणि वेळ आणखी घटतो.

तिसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली तो शरीरात विरघळतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात तयार होतात. त्यातून सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून वर येण्याचा वेग मर्यादित ठेवायचा, ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे आणि डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचे नाही. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबावे, असे सांगितले जाते.

बारावीला विज्ञान नव्हते म्हणून कोणी घाबरण्याचे कारण नाही. हे गणित कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही जमते. पण ते पाठ करून चालत नाही, समजावे लागते. कारण उद्या तेच दुसऱ्याला समजावून सांगायचे असते.

प्रशिक्षक होण्याच्या पायऱ्या

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था खासगी आणि आंतरराष्ट्रीय आहेत. त्यात १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली पॅडी सर्वांत परिचित आहे. एसएसआय ही दुसरी मोठी संस्था. दोघींचे नियम थोडे वेगळे असले तरी शिडी साधारण सारखीच आहे. इथे पॅडीची शिडी पाहू.

पहिली पायरी ओपन वॉटर डायव्हर. यात पुस्तकी अभ्यास, तलावातील सराव आणि समुद्रात ४ डाइव्ह असतात. कोणत्याही साधनाशिवाय २०० मीटर (किंवा मास्क, फिन्स आणि स्नॉर्केल घालून ३०० मीटर) पोहणे आणि १० मिनिटे तरंगून राहणे आवश्यक असते. हा कोर्स केलेली प्रौढ व्यक्ती जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाऊ शकते. सहलीला गेल्यावर अर्ध्या तासात जे 'स्कुबा' करून आणतात ती फक्त चव असते. त्याने कोणतीही पात्रता मिळत नाही.

दुसरी पायरी अॅडव्हान्स्ड. यात ५ डाइव्ह असतात, त्यात खोल पाणी आणि दिशाशोध सक्तीचे. मर्यादा ३० मीटर. तिसरी पायरी रेस्क्यू डायव्हर. यासोबत प्रथमोपचार आणि सीपीआरचे प्रशिक्षण लागते. इथे पहिल्यांदा माणूस स्वतःपलीकडे बघायला शिकतो. पाण्यात कोण घाबरले आहे, कोण दमले आहे, बेशुद्ध माणसाला वर कसे आणायचे, हे सगळे यात येते.

चौथी पायरी डायव्हमास्टर. इथून व्यावसायिक पातळी सुरू होते. वय किमान १८ लागते. सुरू करताना ४० आणि पूर्ण करताना ६० डाइव्हची नोंद वहीत असावी लागते. शारीरिक चाचण्यांमध्ये ४०० मीटर पोहणे, १५ मिनिटे तरंगणे, स्नॉर्केल घालून ८०० मीटर जाणे आणि दमलेल्या डायव्हरला १०० मीटर ओढत नेणे हे येते. डायव्हमास्टर प्रमाणपत्रधारक पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणू शकतो आणि प्रशिक्षकाला मदत करू शकतो. पण ओपन वॉटर कोर्स शिकवून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्याला नसतो.

पाचवी पायरी प्रशिक्षक घडवणारा कोर्स, ज्याला आयडीसी म्हणतात. हा कोर्स प्रशिक्षकांचे प्रशिक्षक, म्हणजे कोर्स डायरेक्टर घेतात. साधारण दीड-दोन आठवडे तो चालतो. इथे डायव्हिंग फारसे शिकवत नाहीत, शिकवायला शिकवतात. वर्गात विषय कसा मांडायचा, तलावात कौशल्य करून कसे दाखवायचे, विद्यार्थी चुकला तर ती चूक पाण्याखाली, एक शब्दही न बोलता कशी ओळखायची आणि सुधारायची. सराव करताना इतर उमेदवार विद्यार्थी होतात आणि मुद्दाम चुका करतात. कोणी मास्कमधले पाणी काढताना श्वास सोडत नाही, कोणी अचानक वर निघतो. त्या चुका पकडता आल्या पाहिजेत.

शेवटी परीक्षा. ती कोर्स घेणारी माणसे घेत नाहीत, संस्थेकडून वेगळे परीक्षक येतात. बहुधा २ दिवस चालते. लेखी भागात भौतिकशास्त्र, शरीरक्रिया, उपकरणे, कौशल्ये व पर्यावरण आणि डाइव्ह-नियोजनाचा तक्ता असे ५ विषय, शिवाय संस्थेच्या नियमांचा वेगळा पेपर. उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के लागतात. प्रात्यक्षिकात वर्गातील मांडणी, तलावातील आणि समुद्रातील अध्यापन आणि बेशुद्ध डायव्हरची सुटका तपासली जाते. परीक्षेला बसताना १०० डाइव्ह नोंदलेल्या हव्यात, आणि आयडीसीला बसण्याआधी प्रमाणित डायव्हर होऊन किमान ६ महिने झालेले हवेत. प्रथमोपचार शिकवण्याचे प्रशिक्षकपदही सोबत घ्यावे लागते.

हा ६ महिन्यांचा नियम लक्षात ठेवा. 'शून्यापासून तीन महिन्यांत प्रशिक्षक' असे कोणी सांगत असेल तर तो एक तर नियम लपवतो आहे किंवा तुमच्या घाईचा फायदा घेतो आहे.

पैसा नेमका कुठे जातो?

जाहिरातीत फक्त एका कोर्सची फी असते. प्रत्यक्षात शून्यापासून प्रशिक्षक होईपर्यंतचा खर्च काही लाखांत जातो. तो असा विभागलेला असतो. प्रत्येक पायरीची फी वेगळी. अभ्याससाहित्य बऱ्याचदा वेगळे. आयडीसीची फी डाइव्ह सेंटरला, पण परीक्षेची आणि नोंदणीची फी थेट संस्थेला. स्वतःचे मास्क, फिन्स, रेग्युलेटर, बीसीडी आणि डाइव्ह कॉम्प्युटर. राहणे, जेवण, प्रवास. वैद्यकीय तपासणी, विमा. प्रशिक्षक झाल्यावरही दरवर्षी सभासदत्वाचे नूतनीकरण करावे लागते. ते केले नाही तर शिकवण्याचा अधिकार थांबतो.

एक छुपा खर्च कोणी सांगत नाही. तो म्हणजे १०० डाइव्ह. पहिल्या दोन कोर्समध्ये मिळून ९ डाइव्ह होतात. उरलेल्या सुमारे ९० कुठून येणार? उदाहरणापुरते, एका डाइव्हला २,००० रुपये धरले तरी १ लाख ८० हजार होतात. ज्याच्या घरी पैसा आहे तो हे भरतो. ज्याच्याकडे नाही त्याला 'इंटर्नशिप' सुचवली जाते.

इंटर्नशिप म्हणजे डाइव्ह सेंटरवर काम करायचे आणि त्या बदल्यात डाइव्ह व प्रशिक्षण घ्यायचे. भरलेले एक सिलिंडर १५ किलोच्या पुढे असते. अशी सिलिंडर होडीत चढवणे-उतरवणे, कॉम्प्रेसरवर हवा भरणे, सूट धुणे, पर्यटकांची नावे लिहिणे ही कामे असतात. ही कामे कमी दर्जाची मुळीच नाहीत. उलट चांगला प्रशिक्षक इथेच घडतो. कॉम्प्रेसरचे हवा ओढणारे तोंड इंजिनाच्या धुराजवळ असेल तर सिलिंडरमध्ये विषारी वायू जातो, हे हाताने काम केलेल्यालाच कळते.

पण समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर इथे एक जुनीच रचना नव्या कपड्यात दिसते. ज्याच्याकडे भांडवल नाही तो श्रम देतो आणि त्या श्रमाचे मोल दुसरा ठरवतो. त्यामुळे ठरलेले सगळे कागदावर घ्या. रोज किती तास काम? महिन्याला किती डाइव्ह? सुट्टी किती? जेवण-राहणे कोणाकडे? कोर्स कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणार? मध्येच सोडले तर भरलेल्या पैशाचे काय? हे प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका. ओळखीवर, विश्वासावर चालते असे सांगणाऱ्यांकडे आपल्या मुलांची ओळख नसते, हे विसरू नये.

हा विद्यापीठाचा अभ्यासक्रम नाही. त्यामुळे महाविद्यालयात मिळते ती शिष्यवृत्ती इथे मिळेल असे गृहीत धरू नका. समाजकल्याण कार्यालय किंवा बार्टीकडे कौशल्य प्रशिक्षणाची एखादी योजना लागू होते का, हे लेखी अर्ज करून विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत फी भरू नका.

आधी पोहणे, आधी तब्येत

आपल्यातील अनेकांना पोहता येत नाही. याला आळस कारणीभूत नाही. गावची विहीर आणि तळे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यासाठी बंद होते, त्यांच्या मुलांना पाण्याशी खेळायला कोण शिकवणार? २० मार्च १९२७ रोजी महाडला पाणी पिण्याच्या साध्या माणूसपणाच्या हक्कासाठी सत्याग्रह करावा लागला, हे आपण जाणतोच. आज शहरातल्या तरण तलावाला जात विचारत नाहीत, पण फी विचारतात. तरीही सुरुवात इथूनच करायची आहे. महापालिकेच्या तलावावर ४-६ महिने नियमित पोहणे हा या वाटेवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च आहे. मुलींनी तर हे जरूर करावे. नवशिक्या महिला पर्यटकांना अनेकदा महिला प्रशिक्षक हवी असते, आणि त्या कमी आहेत.

तब्येतीचा अर्ज भरताना खोटे लिहू नका. दमा, फिट येणे, हृदयविकार, कानाचा जुना त्रास हे सांगितलेच पाहिजे. विदर्भातील युवकांसाठी एक खास सूचना. आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि आपल्या समाजातही ते आहे. सिकलसेलचा आजार असलेल्यांना ऑक्सिजन कमी पडणे, थंडी आणि निर्जलीकरण यांतून त्रास उद्भवू शकतो. त्यामुळे डायव्हिंगचा निर्णय डॉक्टरांशिवाय घेऊच नये. फक्त वाहक असलेल्यांची स्थिती वेगळी असते, पण त्यांनीही आपला अहवाल डॉक्टरांना दाखवून विचारावे. ज्यांनी अजून तपासणी केलेली नाही त्यांनी ती करून घ्यावी. स्कुबा करायचे नसले तरी ती उपयोगाची आहे.

काम कुठे मिळते?

भारतात अंदमानातील हॅवलॉक म्हणजे आताचे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, लक्षद्वीप, पुदुच्चेरी, गोवा, कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट आणि आपल्याकडे मालवण-तारकर्ली ही मुख्य ठिकाणे आहेत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. सध्या तिथे कोणते कोर्स चालू आहेत हे प्रत्यक्ष चौकशी करून पाहावे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते, म्हणजे वर्षातले ४ महिने उत्पन्नाचा दुसरा मार्ग हवा. काही जण त्या काळात अन्यत्र जातात. मालदीव, थायलंड, इजिप्तचा लाल समुद्र इथे मागणी असते, पण स्पर्धा जगभरातल्या प्रशिक्षकांशी असते. पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे. एजंट 'तिथे गेल्यावर बघू' म्हणत असेल तर पासपोर्ट त्याच्या हाती देऊ नका.

उत्पन्न अनेक ठिकाणी थोडा पगार आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन असे असते. म्हणून ज्याला एकापेक्षा जास्त कामे येतात तो टिकतो. कॉम्प्रेसरची दुरुस्ती, होडी चालवणे, पाण्याखालचे छायाचित्रण, इंग्रजीत नीट बोलणे. मराठीही इथे भांडवल आहे. पुण्या-नागपूरहून आलेल्या घाबरलेल्या पर्यटकाला स्वतःच्या भाषेत दोन शब्द ऐकू आले की त्याचा श्वास शांत होतो.

आणखी एक गैरसमज दूर करावा. बंदरे, धरणे, तेलविहिरी इथे वेल्डिंग किंवा दुरुस्ती करणारे व्यावसायिक पाणबुडे वेगळे. त्यांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र वेगळे असते. पर्यटन क्षेत्रातील प्रशिक्षकाच्या कार्डावर ते काम करता येत नाही.

जबाबदारी दुसऱ्याच्या जिवाची

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. ही दुर्घटना पाण्याखाली झाली नव्हती, परतीच्या वाटेवर झाली होती. या व्यवसायातली जबाबदारी किनाऱ्यावरून निघताना सुरू होते आणि शेवटचा माणूस परत किनाऱ्यावर पाय ठेवेपर्यंत संपत नाही. होडीत माणसे किती, लाइफ जॅकेट अंगात आहेत का, हवामान कसे आहे, हे सगळे प्रशिक्षकाने पाहायचे असते.

पॅडीच्या नियमानुसार ओपन वॉटर कोर्समध्ये समुद्रात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त ८ विद्यार्थी असतात. पाणी गढूळ असेल तर तेही जास्त होतात. मालक म्हणेल, गर्दी आहे, आणखी दोघांना घे. तिथे 'नाही' म्हणणे हाच या नोकरीचा खरा कस आहे. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला 'नाही' म्हणणे जड जाते. कर्ज काढून घाईने या क्षेत्रात उतरू नका असे सांगण्यामागे हे सर्वांत मोठे कारण आहे. कर्जाखाली दबलेला प्रशिक्षक स्वतःसाठी आणि त्याच्या विद्यार्थ्यांसाठीही धोकादायक ठरू शकतो.

मग करायचे काय?

पायरी पायरीने जा. आधी पोहणे आणि वैद्यकीय तपासणी. मग साठवलेल्या पैशातून फक्त ओपन वॉटर. समुद्रात गेल्यावर आपल्याला हे खरेच आवडते का, कान साथ देतात का, भीती कमी होते का, हे तेव्हा कळेल. पुढे रेस्क्यूपर्यंत गेलात तरी प्रथमोपचार आणि जीवरक्षणाचे कौशल्य आयुष्यभर कामी येते. पुराच्या वेळी गावाला त्याची गरज असते. डायव्हमास्टर झाल्यावर किमान एक हंगाम काम करा आणि त्या कमाईतून जमेल तेवढे पुढच्या कोर्ससाठी बाजूला ठेवा. प्रत्येक पायरीवर थांबण्याची मोकळीक तुमच्याकडे राहिली पाहिजे.

फी भरण्याआधी प्रशिक्षकाचा सभासद क्रमांक मागा. तो सक्रिय आहे का हे संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येते. सेंटरवर आणीबाणीचा ऑक्सिजन आहे का, जवळचे दाबकक्ष असलेले रुग्णालय कोणते, हे विचारा. आधी शिकून गेलेल्या दोघा-तिघांशी मालकाच्या पाठीमागे बोला.

कार्यकर्त्यांनीही यात एक काम करावे. जिल्ह्यात जी मुलेमुली या क्षेत्रात आहेत त्यांना एकत्र बसवून नवीन मुलांशी बोलायला लावावे. कुठे फसवणूक होते, कुठे नीट शिकवतात, कोण वेळेवर पैसे देते, ही माहिती ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते त्यांना ती फुकट मिळते. आपल्याला ती एकमेकांना द्यावी लागेल.